आमसुली रंगाचा आकडा कोणी सांगेल का?

चाफेकळी

धाकट्या बहिणीचं लग्न मार्गशीर्षात आहे आणि पत्रिका मी करणार असं घरात परस्पर ठरून गेलं. पेशाने मी हिशेब तपासणारी. इंकस्केप, म्हणजे संगणकावर चित्रं काढायचा फुकट प्रोग्रॅम, शिकले ते सोसायटीच्या गणपतीचे फलक करता करता, त्यामुळे रेघा, अक्षरं, कोयऱ्या जमतात. रंगांशी मात्र कधी सूत जुळलं नाही. चाकावर टिचकी मारायची, बरा दिसला की ठेवायचा, एवढंच येतं.

आता मावशीची अट आहे की पत्रिका बहिणीच्या पैठणीच्याच रंगाची हवी. अंग आमसुली, काठ राणी. पैठणी पलंगावर पसरली, फोनने फोटो काढला, इंकस्केपमध्ये घेतला आणि ड्रॉपरने टिपला. पहिल्यांदा आला लाल ५८, हिरवा ३१, निळा ३४, म्हणजे जवळजवळ कॉफी. बोटभर सरकून टिपला तर १४२, ५२, ८८, चक्क गुलाबी. तिसऱ्यांदा काहीतरी जांभळट. शेवटी मधलाच एक धरला, त्याने चौकोन रंगवला आणि रात्री मावशीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. तिचं उत्तर: "हा विटकरी आहे गं. आमसुली पाठव."

आमसुलीचा काही ठरलेला आकडा असतो का? नसेल तर फोटोतून रंग टिपायची बरी रीत कोणती? आणि हो, १४० कोयऱ्या रंगवून झाल्या आहेत. रंग बदलला की एकेक करून परत रंगवायच्या का? रडकुंडीला आले आहे.

टिंगलखोर

आमसूल भिजवा, स्कॅनरवर ठेवा, ड्रॉपरने टिपा. उरलेल्याची सोलकढी करा.

(दिवा घ्या, म्हणजे गंमत समजा.)

लेयरबाबा

ताई, ठरलेला आकडा नाही. लाल, हिरवा, निळा यांच्या २५६ गुणिले २५६ गुणिले २५६ अशा १,६७,७७,२१६ जोड्या होतात. त्यातल्या कुठल्या जोडीला आमसुली म्हणायचं हे कोणी लिहून ठेवलेलं नाही, ते आपणच ठरवायचं.

पण तुमचा पहिला घोटाळा टिपण्यातला आहे. ड्रॉपरने नुसती टिचकी मारली की त्या एका पिक्सेलचा रंग येतो. फोनच्या फोटोत एक पिक्सेल म्हणजे कधी रेशमावरची चकाकी, कधी दोन धाग्यांमधली सावली, कधी नुसता कॅमेऱ्याचा दाणेदारपणा. इंकस्केपचा ड्रॉपर टिचकी मारून वापरू नका, दाबून ओढा. एक वर्तुळ उमटतं आणि आतल्या सगळ्या पिक्सेलांची सरासरी मिळते. सुरकुती नाही, चकाकी नाही असा रुपयाएवढा भाग निवडून त्यावर ओढा. (शिफ्ट दाबून टिपलात तर रंग भरणीऐवजी कडेला लागतो, तेवढं सांभाळा.) जिंपमध्ये (फोटोवर काम करायचा फुकट प्रोग्रॅम) हेच करायचं तर कलर पिकरच्या पर्यायांत सॅम्पल अ‍ॅव्हरेज आहे, तिथे त्रिज्या वाढवायची.

दुसरा घोटाळा उजेडाचा. फोटो ट्यूबलाइटखाली काढला असणार, पैज लावतो. दुपारी खिडकीपाशी, थेट ऊन नाही अशा जागी, घरातले दिवे बंद करून परत काढा आणि पैठणीला लागून झेरॉक्सचा कोरा कागद ठेवा. मग जिंपमध्ये कलर्स मेनूतल्या लेव्हल्समध्ये जा, तिथल्या तीन ड्रॉपरांपैकी मधला, करड्या बिंदूचा, घ्या आणि कागदावर टिचकी मारा. कागदावर निळी किंवा पिवळी झाक असेल ती जाईल, आणि तिच्याबरोबर पैठणीवरचीही. मात्र कागद फोटोत जळून पांढराफटक झालेला नको. तसा असेल तर त्यात झाकेची काही खूणच उरत नाही.

कोयऱ्यांचं सोपं आहे. एक कोयरी निवडा, एडिट मेनूत सिलेक्ट सेम, त्यात फिल कलर. एकशेचाळीसच्या एकशेचाळीस एकदम हातात येतात. पण त्याहून बरं म्हणजे रंग लावतानाच फिल अँड स्ट्रोकमध्ये स्वॉच हा प्रकार निवडायचा. मग तो रंग फाइलमध्ये एकाच जागी राहतो आणि सगळ्या कोयऱ्या तिथून घेतात. तिथे बदल केला की सगळीकडे बदलतो. तुमच्या भाषेत, प्रत्येक रकान्यात आकडा टंकण्याऐवजी एका रकान्याचा संदर्भ दिल्यासारखं.

चाफेकळी

रकान्याचं उदाहरण थेट पोचलं. हे आधी कोणी का नाही सांगितलं मला!

कोरा_कॅनव्हास

एवढी यातायात कशाला? फोटोशॉपमध्ये दोन मिनिटांचं काम आहे.

लेयरबाबा

फोटोशॉपचा आयड्रॉपरही न छेडता एकाच पिक्सेलवर असतो. वरच्या पट्टीत जाऊन ५ बाय ५ किंवा ११ बाय ११ ची सरासरी निवडावी लागते. किती जणांनी ती पट्टी आजवर उघडून पाहिली आहे, हात वर करा. आणि कृपया इथे फुकट विरुद्ध विकत असं धाग्याचं काश्मीर करू नका.

आत्याबाईंची_पेटी

मी साड्यांच्या बाजूने बोलते, संगणकातलं मला कळत नाही.

चाफेकळी, तुझी पैठणी धूपछाव आहे का ते आधी बघ. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला की कापड हललं की रंग पालटतो. आमसुली बऱ्याचदा अशीच विणलेली असते. ताणा काळपट जांभळा, बाणा लाल, किंवा उलट. समोरून एक दिसतो, तिरकं धरलं की दुसरा. निरीवर एक, पदरावर दुसरा. तुला तीन ठिकाणी तीन रंग सापडले त्यात यंत्राची चूक नसेलही. त्या लुगड्यात खरोखरच दोन रंग आहेत.

पडताळायचं असेल तर आतल्या बाजूला कुठे सुटा धागा असेल तो भिंगाखाली धर.

चाफेकळी

आत्याबाई, साष्टांग! पदराच्या गोंड्यांपाशी पाहिलं. उभे धागे गर्द जांभळे, आडवे लालभडक. भिंगाखाली आमसुली धागा एकही नाही!! म्हणजे मी गेले चार दिवस नसलेला रंग टिपते आहे.

सोलकर

गोव्यातून लिहितो. आमच्याकडे झाडावरचं फळ ते भिरंड, सुकवलेली साल ते सोल. आता रंग कुठला धरायचा? पिकलेलं भिरंड लालसर जांभळं. उन्हात वाळलेलं सोल जवळजवळ काळं. तेच पाण्यात टाकलं की पाणी माणकासारखं लाल. नारळाचं दूध घातलं की फिकट गुलाबी. एकाच फळाचे चार रंग, त्यातला साडीवाल्यांनी कुठला उचलला?

आत्याबाईंची_पेटी

वाळलेलं, पण नुकतं भिजत घातलेलं. पाणी अजून रंगलेलं नाही, साल मात्र तुकतुकीत झालीय, तो. माझी आई तसंच सांगायची. हे माझं वैयक्तिक मत.

बंड्या_बोस्टनकर

कामाने वेब डेव्हलपर, म्हणून थोडं वेगळ्या बाजूने.

नावाला आकडा ठरवून दिला की प्रश्न सुटतो असं वाटत असेल तर आमच्या सीएसएसकडे, म्हणजे वेबपानांचं रंगरूप ठरवणाऱ्या भाषेकडे, बघा. तिथे १४८ नावं पक्क्या आकड्यांसकट दिलेली आहेत. त्यात ग्रे म्हणजे १२८, १२८, १२८ आणि डार्कग्रे म्हणजे १६९, १६९, १६९. म्हणजे गडद करडा हा साध्या करड्यापेक्षा उजळ! बरीचशी नावं युनिक्सच्या एक्स-११ या जुन्या खिडकीप्रणालीतून आली आणि काही दुसरीकडून, दोन्हींची मोट बांधली आणि ही गंमत कायमची राहून गेली. आता बदलता येत नाही, जगातली पानं बिघडतील.

मुद्द्याचं सांगायचं तर लाल-हिरवा-निळा या तीन आकड्यांत विचार करू नका. ती पडद्याची सोय आहे, माणूस तसा रंग बघत नाही. "जरा गडद कर", "एवढा भडक नको", "थोडा लालीकडे ने" असंच आपण बोलतो, आणि एचएसव्ही नेमकं तेच तीन दांडे देतं. कुठला रंग, किती भडक, किती उजेड. ही मांडणी १९७८ सालची, अ‍ॅल्व्ही रे स्मिथ यांची. तेव्हापासून जवळपास प्रत्येक रंगचौकटीत ती आहे.

लेयरबाबा

+१. इंकस्केपमध्ये याची एक मजा आहे जी बऱ्याच जणांना ठाऊक नसते. वस्तू निवडा आणि अगदी खाली डाव्या कोपऱ्यात भरणीच्या रंगाची जी छोटी पट्टी आहे तिच्यावर माउस दाबून बाहेर कॅनव्हासकडे ओढा. नुसतं ओढलं तर रंगछटा फिरते, शिफ्टसह ओढलं तर भडकपणा, कंट्रोलसह उजळपणा. चौकट उघडायची गरजच नाही, नजर चित्रावरच राहते. माझ्या मते रंग बदलायची हीच खरी रीत. चौकटीतल्या चौकोनाकडे बघत रंग ठरवणं म्हणजे भाजी न चाखता मीठ घालणं.

चाफेकळी

खिडकीपाशी परत फोटो काढला. कागद ठेवला, करडा बिंदू दिला, वर्तुळ ओढून पाच ठिकाणी टिपलं. यावेळी पाचही आकडे शेजारी शेजारी आले! मधला धरला तो ८८, २८, ५२. काठाचा राणी आला २००, २०, ११०.

एचएसव्हीत बदलून पाहिलं तर आमसुली ३३६ अंश, ६८, ३५ आणि राणी ३३० अंश, ९०, ७८. अंश जवळजवळ एकच! म्हणजे दोन्ही रंग सख्खे भाऊ निघाले. हे डोळ्यांना कधीच कळलं नसतं.

लेयरबाबा

म्हणूनच तर ती काठाची जोडी शोभते. आमसुली म्हणजे दिवा मालवल्यावरची राणी.

यातून कोयऱ्यांसाठी मधल्या छटाही मिळतील. ३३३ अंशांच्या आसपास राहा आणि उजेड ३५ पासून ७८ पर्यंत टप्प्याटप्प्याने वाढवा.

बंड्या_बोस्टनकर

त्यात एक मेख आहे. एचएसव्हीमधला उजेड हा खरा उजेड नव्हे. पडद्यावरचा शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा, दोघांचाही व्ही १०० असतो. पण लॅब मोजपट्टीवर, म्हणजे १९७६ मध्ये डोळ्याच्या अनुभवाला धरून बेतलेल्या पट्टीवर, तोच पिवळा ९७ आणि निळा ३२ भरतो. चाफेकळीताईंचं एकाच अंशावर चाललं आहे तोवर ठीक. पण उद्या हळदी आणि निळा "सारख्याच उजेडाचे" म्हणून शेजारी ठेवलेत तर हळदी ओरडेल आणि निळा खड्ड्यात जाईल.

जिंप २.१० पासून रंगचौकटीत एचएसव्हीच्या जोडीला एलसीएच आहे. पहिला दांडा खऱ्या उजेडाचा. कुटुंबातले वेगवेगळे रंग एका पातळीवर आणायचे तर तो वापरा. वेबवर हल्ली त्याचाच सुधारलेला भाऊ, ओकेएलसीएच, आला आहे. मूळ ओकेलॅब २०२० च्या डिसेंबरात ब्यॉर्न ऑटोसन यांनी मांडलं आणि २०२३ पर्यंत सगळ्या मोठ्या ब्राउझरांत पोचलं. निळ्याच्या फिक्या छटा करताना त्या जांभळ्याकडे घसरतात, हा जुन्या लॅबचा दोष त्यात पुष्कळ कमी झाला आहे.

टिंगलखोर

लग्न बहिणीचं आहे की मोजपट्टीचं?

छापखानेवाले_काका

कोल्हापुरात छपाईचा धंदा आहे, म्हणून बोलतो. वर सगळे हुशार लोक पडद्याबद्दल बोलायलेत. पत्रिका पडद्यावर छापायची न्हाई, कागदावर छापायची आहे.

पहिली गोष्ट. इंकस्केपच्या रंगचौकटीत सीएमवायके (सी निळसर, एम मॅजेंटा, वाय पिवळी, के काळी, या छपाईच्या चार शाया) नावाचं पान आहे ते बघून फसू नका. तिथं आकडे टाकता येतात पण फाइलमध्ये रंग शेवटी लाल-हिरवा-निळाच राहतो. आमच्याकडं फाइल आली की आमचं सॉफ्टवेअर त्याचं त्याच्या मतानं चार शायांत रूपांतर करतं. त्यात सगळ्यात वाईट गत काळ्या अक्षरांची होते. पडद्यावरचा काळा चार शायांत फुटतो, चार प्लेटा एकावर एक बसायला केसभर हलल्या की "श्री गणेशाय नमः" ला लाल-निळी सावली पडते. मग गिऱ्हाईक म्हणतं छापखाना बेकार. बारीक मजकूर असेल तर काळा फक्त के १००, बाकी तिन्ही शून्य.

म्हणून चित्र इंकस्केपमध्ये करा, पण शेवटची मांडणी स्क्रायबसमध्ये आणा. तेपण फुकटच आहे. तिथं रंग खरोखरचे सीएमवायके राहतात आणि पीडीएफ तशीच निघते.

दुसरी गोष्ट रंगाची. राणीची काळजी करू नका. आमच्या चार शायांतली एक शाई म्हणजे मॅजेंटा, ती जवळपास राणीच. डब्यातून काढून लावल्यागत येते. आमसुली पण येतो. माझ्या शेडकार्डावर तुमच्या वर्णनाजवळचा चौकोन सी ४०, एम ९५, वाय ४५, के ५०. बेरीज २३०, म्हणजे आर्ट पेपरवर वाळायला काही अडचण न्हाई. त्रास देणारे रंग वेगळेच. भडक केशरी, पोपटी आणि विजेसारखा निळा. पडद्यावर दिसतो तो भगवा चार शायांत कधीच येत नाही, थोडा मातकट होतोच. आणि निळ्यात सी आणि एम सारखे टाकले तर जांभळा छापला म्हणून समजा. एम निदान तीसने कमी ठेवा.

कागद कुठला आहे? हातकागद असेल तर शाई आत मुरती, सगळंच एक पायरी गडद आणि मळकट होतं.

चाफेकळी

काका, मनापासून आभार. कागद हातकागदच ठरला आहे, मावशीचाच हट्ट. आणि काठाची जर सोनेरी करायची आहे, त्याला आकडा कोणता घालू?

छापखानेवाले_काका

कुठलाच न्हाई. सोनेरी हा रंग न्हाई, चमक आहे. चार शायांत फार तर मोहरी येईल. फॉइल मारून घ्या. त्यासाठी जेवढा भाग सोनेरी पाहिजे तेवढाच वेगळ्या पानावर सपाट काळ्यात द्या. छटा नको, फिका नको, निव्वळ काळा. त्याचाच ब्लॉक बनतो. आणि एक मिलिमीटरपेक्षा बारीक जाळी करू नका, फॉइल भरून येतं आणि मोराचा पिसारा म्हणजे नुसता गोळा दिसतो.

हातकागद असेल तर आमसुलीतला के ५० वरून ३५ वर आणा. पण आधी त्याच कागदावर एक प्रूफ काढून घ्या. पडद्यावर बघून "चालेल" म्हणू नका. मी तीस वर्षं हे बघतोय.

ठिपका

मला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, जन्मापासून. लाल-हिरव्याची ही अडचण बायकांपेक्षा पुरुषांत खूपच जास्त असते, तेव्हा तुमच्या पाहुण्यांतही असे काही काका-मामा असणारच. बहुतेक जण कोणाला सांगत नाहीत.

मला तुमचा आमसुली आणि राणी म्हणजे एक काळोख आणि एक थोडा कमी काळोख. त्यामुळे मी रंग नावाने बघतच नाही, उजेडातल्या फरकाने बघतो. वेबसाठी नियम आहे की मजकूर आणि पाठ यांच्या उजेडाचं गुणोत्तर निदान ४.५ ला १ हवं, मोठ्या अक्षरांना ३ चालतं. तुमचे आकडे मोजून पाहिले. आमसुली पाठीवर राणी अक्षरं २.३. म्हणजे मोठ्या अक्षरांतसुद्धा नापास. "चि. सौ. कां." तसं छापलंत तर आमच्यासारख्यांना वधूचं नाव शोधावं लागेल. त्याच आमसुलीवर मोतिया, समजा २५०, २४३, २२४, घेतला तर साडेअकराच्या वर जातं.

गणित नको असेल तर जिंपच्या व्ह्यू मेनूत डिस्प्ले फिल्टर्स आहेत, त्यात रंगांधळेपणाचा एक गाळणीचष्मा आहे. चित्राला हात लागत नाही, फक्त तुम्हाला काही वेळ माझ्या डोळ्यांनी दिसतं. इंकस्केपमध्ये सगळं करड्यात दाखवायची सोय व्ह्यू मेनूतच आहे. करड्यात वाचता आलं तर सगळ्यांना वाचता येतं.

चाफेकळी

ठिपका, मी नेमकं तेच केलं होतं, आमसुलीवर राणी अक्षरं! करड्यात टाकून पाहिलं आणि नाव गायब झालं. बदललं. तुम्ही लिहिलं नसतं तर पत्रिका तशीच गेली असती.

बंड्या_बोस्टनकर

मावशींना विटकरी दिसण्याचं मात्र अजून कोणी सांगितलं नाही. ताई, त्यांच्या फोनच्या सेटिंगमध्ये बघा. बऱ्याच फोनांत रात्री पडदा पिवळट करायची सोय असते, डोळ्यांना त्रास नको म्हणून. निळा उजेड कापला की आमसुलीतलं जांभळं जातं, उरतं ते विटकरी. शिवाय काही फोन रंग मुद्दाम भडक करून दाखवतात.

चाफेकळी

हसू की रडू! आज मावशीकडे जाऊन आले. तिच्या फोनवर तो रात्रीचा प्रकार दिवसरात्र चालू होता. भाच्याने कधीतरी लावून दिलेला. बंद केला तर ती म्हणाली, "अगं, पडदा किती निळा झाला, आधीचाच बरा होता." पण चौकोन बघून म्हणाली, "हां, आता आमसुली दिसतोय." आधीचाच चौकोन, मी काहीही बदललेलं नव्हतं.

अजून एक गंमत तिथेच कळली. खिडकीपाशी टिपलेल्या आमसुलीचा चौकोन मोतिया कागदाच्या चित्रावर ठेवला तर जांभळट दिसतो आणि राणीच्या मधोमध ठेवला तर तपकिरी. दोन्हीकडे ८८, २८, ५२. मावशीने मला दोनदा विचारलं, "नक्की बदलला नाहीस ना?"

लेयरबाबा

शेजाऱ्यावरून माणूस ओळखतात तसं. राणी एवढा भडक असला की शेजारच्याची लाली खाऊन टाकतो. दोन्हींच्या मध्ये मोतियाची एक बारीक रेघ सोडा, मग दोघं आपापल्या जागी राहतात. पैठणीतसुद्धा काठ आणि अंग यांच्यामध्ये जरीची रेघ असते की नाही, बघा बरं.

आत्याबाईंची_पेटी

असते तर! आणि ती काय संगणक आल्यावर नाही आली.

चाफेकळी

शेवटचं कळवते. परवा हातकागदावर प्रूफ निघालं. पहिल्यात आमसुली जवळजवळ काळा आला. काकांनी सांगितल्याप्रमाणे के ३५ वर आणला, दुसरं प्रूफ काढलं, घरी आणलं. मावशीने पैठणी पलंगावर पसरली आणि पत्रिका हातात घेऊन जागा शोधत बसली. पदरावर ठेवली, नाही. निरीवर, नाही. शेवटी दुमडून ठेवलेल्या घडीच्या आतल्या बाजूला, जिथे उजेड कमी पडतो, तिथे ठेवली आणि म्हणाली, "इथला आहे हा." ऑर्डर दिली आहे.

एवढा खटाटोप झालाच आहे तर या रंगांचं मराठी नावांचं पॅलेट केलं आहे. जिंपचा जीपीएल प्रकार, साधी मजकुराची फाइल. पहिल्या ओळीत जिंप पॅलेट हे दोन शब्द रोमन लिपीत, मग पॅलेटचं नाव, मग दर ओळीला तीन आकडे आणि पुढे रंगाचं नाव. युटीएफ-८ मध्ये साठवलं की नाव देवनागरीत चालतं. आकडे मात्र रोमनच हवेत. मी उत्साहाच्या भरात तेही देवनागरीत टंकले आणि अर्धा तास फाइल का उघडत नाही म्हणून डोकं धरून बसले होते. इंकस्केपसाठी फाइल कुठे टाकायची तो पत्ता प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिमच्या पानावर दिसतो. तीच फाइल जिंप, क्रिता आणि स्क्रायबसमध्येही चालते.

आत्तापर्यंत आमसुली, राणी, मोतिया, हळदी, अबोली, डाळिंबी, शेवाळी, अंजिरी, पारवा, कोनफळी असे दहा झाले आहेत. प्रत्येक रंग खिडकीपाशी कागद ठेवून, खऱ्या वस्तूवरून टिपलेला. अबोलीसाठी शेजारच्या काकूंच्या गजऱ्यातलं एक फूल मागून आणलं. कोणाला भर घालायची असेल तर आकडा आणि कशावरून टिपला ते लिहा.

सोलकर

सोलकढी: २३६, १७८, १८८. आज दुपारची, स्टीलच्या वाटीतली, व्हरांड्यात टिपली.

ठिपका

वाचनखूण साठवली. नावं आकड्यांना चिकटलेली असली की आमच्यासारख्यांची मोठी सोय होते. दुकानात "अंजिरी द्या" म्हणताना आतापर्यंत देवावर भरवसा ठेवत होतो.

कोरा_कॅनव्हास

चिंतामणी राहिला की.

आत्याबाईंची_पेटी

चिंतामणी निळा. मोरपंखीच्या शेजारचा, पण हिरवट झाक नको.

छापखानेवाले_काका

आमच्याकडं गिऱ्हाईक चिंतामणी म्हणतं तेव्हा त्यात जांभळं असतंय. मी तरी तसाच छापत आलोय.

आत्याबाईंची_पेटी

काका, माझ्याकडे आईची चिंतामणी साडी आहे. निळी आहे.

सोलकर

उजेड कुठला होता, आत्याबाई?

चाफेकळी

यादीत चिंतामणीची ओळ घातली आहे, पण तूर्त तिच्यापुढे हॅशचं चिन्ह टाकून ठेवलंय. जिंप अशी ओळ वाचत नाही. आत्याबाई, साडीचा फोटो टाका, कागदासकट.